उरलेला उकार

नारायण पेठेत, सायकलच्या दुकानामागे,
जिन्याखालच्या त्या छापखान्यात
निवृत्ती काळोखे खिळे जुळवायचे.
मी मुद्रितं तपासायचे, महिना एकशे दहा रुपये,
शिवाय चहा, अर्धा.

गुरुवारी वीज नसायची.
मशीन गप्प, मालक देवळात.
काळोखे खिडकीशी स्टिक घेऊन बसायचे
आणि म्हणायचे, "शालन, घे. सदरा."
स, द, र आणि एक काना: शिशाचे चार तुकडे.
मी नुसती बोटं काळी करत राहिले.
शेवटी त्यांनीच दोन खिळ्यांची अदलाबदल केली:
दसरा.
"आता कळलं, नवा सदरा कधी मिळतो ते?"

नियम एवढाच. खिळे तेच, घरं नवी.
बाहेरून आणायचा नाही, आतला टाकायचा नाही.
काना मात्र फिरता,
ज्याच्या खांद्याला जागा, तिथे टेकावा.
एक जरी उरला, तरी डाव गेला.

गाजर म्हणायचे, आणि मंडईत नेऊन सोडायचे मला.
तिथून मी गजरा घेऊन परतायचे, कधी जागर.
सकाळ द्यायचे, मी गावभर हिंडायचे,
आणि सापडायचा कळसा,
तोही काखेतच.
मजा जमा व्हायची. फार झाली की तिचाच माज,
आणि मग सगळं जाम.
(हे चार एका दमात काढले
त्या दिवशी मला पूर्ण चहा मिळाला.)

"उद्योग जुना आहे हा," तंबाखू मळत सांगायचे.
"एकाला राम म्हणता येईना, तो मरा मरा म्हणत बसला.
जिभेनेच घरं बदलली, अंगावर वारूळ चढेस्तोवर.
तिकडे ग्रीकांत कुणी राजाचं नाव हलवलं,
त्यातून म्हणे मध निघाला.
बक्षीसही निघालं असणार.
आणखी एकाला दुर्बिणीतून आभाळात काही नवं दिसलं,
कुणी चोरू नये म्हणून
त्याने अक्षरं विसकटून पत्रात घातली:
शोध टपालात, किल्ली खिशात.
आणि आपल्याकडे?
लग्नपत्रिका जुळवताना मला एक जांभई आली,
नवऱ्याचा वानर झाला. पाचशे प्रती.
वधूपक्षाने पैसे मात्र पूर्ण दिले."

एकदा मी त्यांना वारस दिला.
सहज. मनात काही नव्हतं.
ते बराच वेळ स्टिककडे पाहत राहिले.
मग त्याचा सराव केला. मग सवार.
मग सावर.
ते मला उद्देशून नसावं.
त्या दिवशी खिळे त्यांनी स्वतःच सोडवले,
ज्याचा त्याच्या खणात,
एकेक, आवाज न करता.

ऑफसेट आलं. शिसं किलोवर गेलं.
काटेवाल्याला कमल आणि कलम
सारख्याच वजनाचे.

शेवटच्या गुरुवारी मी म्हटलं, आज मी देते.
पुणे.
प, ण, एक उकार, एक मात्रा.
त्यांनी हलवलं, फिरवलं, चष्मा पुसला.
"पेण निघतं," म्हणाले, "पण उकार उरतो."
पुन्हा मांडलं. पुन्हा उरला.
"मुठेचा माठ कर, उरतो. मुळेची माळ कर, उरतोच.
इथल्या पाण्यातच आहे, बाई.
गाव बदलायला तयार आहे,
पण शेवटचा शब्द आपलाच पाहिजे!"
आणि हसले, इतके की ठसका लागला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा डाव गेला होता,
आणि माणूस खूश.

तो उकार माझ्याकडे आहे,
सुया-बटणांच्या डब्यात. उलटा, आरशातला.
बटण शोधताना बोटाला टोचतो.
सून विचारते, हा कसला खिळा, टाकू का?
मी म्हणते, राहू दे.
पुण्याचा आहे.